सह्यांची वही

प्रेम जिन्यात सुरू होऊ नये, असा काही नियम नाही. तरीही त्या संध्याकाळी बाइंडर पायरीवर थांबला तो निव्वळ वैतागून. त्याच्या हातांत नुकत्याच खळ लावलेल्या पुस्तकांची चळत होती, आणि वरच्या मजल्यावर शिवणकामाचे दुकान चालवणारी मुलगी पाचव्यांदा त्याच्या अंगावरून वर धावत होती.

“काही हरवलंय का?”

ओठांत धरलेली टाचणी काढून ती म्हणाली, “नाही... इस्त्री. बंद केली की नाही, ते—”

“चार वेळा बघून आलात ना?”

“मोजत होतात?”

“जिना माझ्या दुकानाच्या डोक्यावरून जातो. न मोजता कळतं.”

ती हसली, पण हसतानाही तिची नजर वरच्या दारावरून ढळली नाही. तेव्हा तोच वर गेला, इस्त्रीला तळवा टेकवला आणि कठड्यावरून ओरडला, “गार आहे!” ती निमूटपणे घरी गेली. त्या दिवसापासून तो तिला टाचणी म्हणू लागला, आणि ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी झाले, हे दोघांनाही सांगता आले नसते.

पुढे त्याने जे केले, ते प्रेमात पडलेला बाइंडरच करू जाणे. त्याने तिच्यासाठी तळहाताएवढी, कापडी पाठीची वही बांधली. रोज संध्याकाळी तो तीत तारीख घाली, ‘इस्त्री बंद’ असे लिही आणि सही करी. वही देताघेताना बोटाला बोट लागे... आणि हे आपण तिच्या भल्यासाठीच करतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

महिनाभरातच एक सही पुरेनाशी झाली. मग दोन, मग चार. मग घरी फोन.

“सही करताना तू इस्त्रीकडे बघत होतास ना? की माझ्याकडे?”

“खरं सांगू? तुझ्याकडेच.”

त्याला वाटले, ती लाजेल. पलीकडे तिचा श्वास अडकल्याचे ऐकू आले, आणि दोघांना उठून दुकानात जावे लागले. वही संपली, तेव्हा तिने दुसरी मागितली.

त्याची आत्या पूर्वी इस्पितळात परिचारिका होती. तिने सगळे ऐकून घेतले.

“आजार आहे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. तू नाही, मीही नाही. पण दारात आलेल्या मांजराला रोज दूध घातलंस, तर ते जाईल का? तू तिच्या भीतीला दूध घालतोयस.”

“मग पाठ फिरवू तिच्याकडे?”

“पाठ कशाला फिरवतोस, शहाण्या? सही थांबव, सोबत थांबवू नकोस. आणि तिला न सांगता काही करू नकोस.”

त्याने तिला सांगितले. ती भांडली, रडली, आणि शेवटी कबूल झाली: एकदा बघायचे, कुलूप लावायचे, त्याला विचारायचे नाही. तिने डॉक्टरांची वेळही घेतली; त्या दिवशी ती होती साडेपाचची. यापूर्वी दोन भेटी या इस्त्रीपायीच हुकल्या होत्या. “आज हुकली, तर मी परत वेळ मागणार नाही,” ती म्हणाली होती. “तेच कारण सांगायला लाज वाटते रे.”

पाच वाजता तिने कुलूप लावले. शेवटच्या पायरीवर तिचे पाऊल अडले.

“बंद आहे ना?”

“आपलं काय ठरलंय?”

“ठरलेलं गेलं खड्ड्यात! नुसतं हो म्हण.”

‘हो’ त्याच्या जिभेवर होते. ते म्हटले असते, तर ती त्या क्षणी हसली असती, हे त्याला ठाऊक होते.

“नाही म्हणणार. तुला भीती वाटतेय, ते दिसतंय मला. चल.”

“खाली सगळा कागद आहे तुझा! तुझं दुकान जळेल म्हणून जीव जातोय माझा, आणि तू... दगड आहेस नुसता!”

 इतके दिवस ती कोणाची राखण करीत होती, हे त्याला आज कळत होते.

ती रागाने पुढे चालू लागली. चौक ओलांडतात न ओलांडतात, तोच आगीचा बंब घंटा वाजवीत त्यांच्या समोरून गेला आणि त्यांच्याच रस्त्याकडे वळला. ती जागीच थिजली. बाइंडरही थबकला. आपण तरी आज इस्त्री पाहिली होती का? नव्हती. पाय मागे ओढू लागले.

“तुझा चेहरा पांढराफटक पडलाय,” ती म्हणाली.

“मलाही मागे जावंसं वाटतंय,” तो कसाबसा बोलला. “तुला... रोज असंच होतं?”

“रोज.”

“आणि मी त्यावर सह्या करत बसलो!”

घंटेचा आवाज विरत गेला. कुठे थांबला, ते कळेना. घड्याळात पाच वीस झाले होते. तिने त्याची बाही पकडली.

“जायचं?” त्याने विचारले.

“कुठे?”

“तू म्हणशील तिकडे. पण मला तू हवी आहेस, टाचणी. दुकानापेक्षा.”

ती कितीतरी वेळ मागे बघत राहिली. मग तिने दवाखान्याच्या दिशेने पाऊल टाकले.

साडेपाचला तिचे नाव पुकारले गेले. दारापाशी ती वळली. आता ती इस्त्रीचेच विचारणार, असे त्याला वाटले.

“मी बाहेर येईपर्यंत थांबशील?”

“थांबेन.”

तिने पुन्हा विचारले नाही. दार लोटून ती आत गेली.