काढायचं पान

मोठ्या बाई निवृत्त झाल्या की धाकट्या बाईंना काय काय मिळणार, हे कायद्याच्या त्या ग्रंथालयात सगळ्यांना पाठ होतं. खिडकीजवळची खुर्ची, तांत्रिक विभागाची किल्ली, आणि ‘धाकट्या’ गळून पडून नुसतं ‘बाई’ होणं. या शेवटच्या लाभावर त्यांचा कित्येक वर्षांपासून डोळा होता. तोंडानं मात्र त्या म्हणत, “बाई गेल्यावर आमचं कसं व्हायचं?” आणि गंमत म्हणजे, तेही खोटं नव्हतं.

कारण मोठ्या बाईंचा हात दुसऱ्या कुणाला नव्हता. कायद्याचे ग्रंथ तिथं शिवलेले नसत. कड्यांच्या जाड फायलींत सुटी पानं लावलेली असत. कायदा बदलला की बदललेली पानं टपालानं येत. जुनं पान काढायचं, त्याच आकड्याचं नवं त्याच्या जागी घालायचं. ऐकायला पोरखेळ, पण एक जुनं पान मागं राहिलं की वकील रद्द झालेलं कलम घेऊन न्यायाधीशांपुढं उभा. मोठ्या बाईंच्या कारकिर्दीत असं एकदाही झालं नाही. कडेवरून अंगठा फिरवला की शिळं पान त्यांना कळे. ते त्या दोन्ही हातांनी धरत, एकदा पूर्ण वाचत, मगच कागद कातरायच्या यंत्रात सोडत.

आणि त्यांनी काढलेलं पान पुन्हा कुणाला आठवत नसे. एकदा एक बडे वकील तावातावानं आले. “कालपर्यंत इथं एक कलम होतं हो.”

“कुठलं?” बाईंनी शांतपणे विचारलं.

वकीलसाहेब तोंड उघडून तसेच उभे राहिले. नंतर सगळा विभाग हसला. ज्यांना अशिलाचं नाव आठवत नाही, त्यांच्या कलमाचं काय घेऊन बसायचं.

सत्कारासाठी धाकट्या बाईंनी तशीच एक फाईल सजवली. मनापासून, रात्री जागून. पहिल्या पानावर खिडकीजवळच्या खुर्चीतल्या मोठ्या बाई, पुढं प्रत्येक सहकाऱ्याचे चार शब्द. शेवटी मोह आवरला नाही. त्याच खुर्चीत, बाई जेवायला गेल्या असताना काढून घेतलेला स्वतःचा फोटो, खाली ‘नव्या विभागप्रमुख’. कोपऱ्यात आकडा टाकला: एक. बदलीची पानं लावून लावून वळलेला हात. खुर्ची तीच, तर आकडाही तोच पडला.

सत्काराच्या दुपारी मोठ्या बाईंची बहीण परगावाहून आली. बाईंना घेऊनच ती परतणार होती; उरलेलं आयुष्य दोघींनी एकत्र काढायचं असं कधीचं ठरलं होतं. ती सभागृहात पहिल्या रांगेत जाऊन बसली, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून.

इकडं विभागात मोठ्या बाईंनी फाईल चाळली. अंगठा शेवटच्या पानाशी थांबला.

“आकडा एकच पडलाय गं.”

“चुकून, बाई. राहू दे की. दोघी असू.”

“एका जागी दोन पानं राहिली की वाचणारा फसतो.” आवाजात राग नव्हता. “फाईल मात्र सुरेख झालीय. शिकवल्याचं चीज केलंस.”

त्यांनी कड्या उघडल्या. पहिलं पान काढलं. दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचलं आणि धाकट्या बाईंच्या हातात दिलं.

“हे तूच सोड यंत्रात. मी आलेच.”

त्या कपाटांच्या रांगेत वळल्या. चपलांचा आवाज थोडा वेळ आला.

मग थांबला.

पान टेबलावर ठेवून धाकट्या बाई बघायला गेल्या. रांग भिंतीशी संपत होती. तिथं फायली होत्या, दुसरं काही नाही.

चहावाला दोन कप घेऊन आला आणि ट्रेकडं बघत राहिला. “दोन कशाला आणले मी?”

“मोठ्या बाईंचा असेल.”

“तुमच्याहून मोठं कोण आहे इथं, बाई? चला, सगळे खोळंबलेत.”

सभागृहात अध्यक्ष बोलत होते. इतक्या वर्षांत एक शिळं पान मागं राहिलं नाही, असा अंगठा पुन्हा होणे नाही. ते धाकट्या बाईंकडं बघून बोलत होते. टाळ्या पडल्या. कानाला बऱ्या वाटल्या.

पहिल्या रांगेतली बहीण गोंधळून इकडंतिकडं बघत होती.

धाकट्या बाई उठून विभागात आल्या. पान टेबलावर तसंच होतं. परत लावता आलं असतं.

मग दुसरं काढावं लागलं असतं.

त्यांनी पान दोन्ही हातांनी धरलं. एकदा पूर्ण वाचलं.

यंत्राचा आवाज फार वेळ आला नाही.

दारात एक म्हातारी उभी होती. अनोळखी. “अहो, मी इथं कुणाकडं आले होते, सांगाल का?”

“कुणाकडं?” बाईंनी शांतपणे विचारलं.

म्हातारी तोंड उघडून तशीच उभी राहिली.

खुर्ची मिळाली, किल्ली मिळाली, नुसतं ‘बाई’ही मिळालं; वर टाळ्या मिळाल्या त्या वेगळ्याच. बाईंचं काही गेलं नाही. म्हातारीनं पर्समधून परतीची तिकिटं काढली आणि पुन्हा पुन्हा उलटून पाहिली.

“दोन का काढली असतील मी?”

“होतं असं,” बाई मायेनं म्हणाल्या. “एक परत करून टाका.”