भिंतीतली मडकी

विठ्ठलाच्या पायाची आण घेऊन सांगतो, यात पदरचं काही न्हाई. हे मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात पाहिलंय.

साल एकोणीसशे शेहेचाळीस. निजामाचा अंमल. मंठ्याजवळचं खेडं. कार्तिकातली एकादशी, दिवेलागणीची वेळ.

अक्काचं घर म्हणजे आधीची शाळा. रामकिसन मास्तरांनी गावाला हाताशी धरून बांधलेली. एकच लांब दालन, टोकाला ओटा. ओट्यामागच्या भिंतीत त्यांनी चार रिकामी मडकी बसवली होती, तोंडं दालनाकडं. आवाज असा घुमायचा! दिवसा पाढे, एकादशीला मास्तरांचं कीर्तन. पार दारातल्या म्हातारीलाही शब्दन् शब्द कळायचा.

माझ्या कानांना हरिनामाची गोडी तिथंच लागली.

अक्काचा नवरा रखमाजी. त्यानं कचेरीत कान भरले की मास्तर सरकारविरुद्ध शिकवतात. मास्तरांना धरून नेलं.

ते परत आलेच नाहीत.

शाळा दाजीनं राहायला घेतली. ओट्यावर पलंग टाकला. कीर्तन उभं राहायचं त्या जागेवर, पलंग! आणि सगळी मडकी मातीनं लिंपली.

"घर हाय हे. भिंतीला भोकं कशाला?"

आजही आठवलं की डोकं फिरतं.

त्याच घरात अक्का बाळंत झाली.

बाळ रडायचं... पण आवाज नाही.

तोंड उघडं, चेहरा लाल. अंगणात नेलं की टाहो फोडायचं. उंबऱ्याच्या आत... गप्प.

अक्काचा डोळा लागला की भुकेलं लेकरू रडून रडून थकायचं. तिला कळायचंच नाही. पोर वाळत चाललं. घर सोडू म्हटलं की दाजी अंगावर धावून यायचा.

त्या संध्याकाळी मी गेलो, तर अक्का भिंतीला कान लावून उभी.

"इकडं ये रे. ऐक."

मी कान लावला.

मातीच्या आत... तान्हं मूल रडत होतं.

अक्कानं खुरपं उचललं. पहिलं मडकं उघडलं, आणि कोंडलेलं रडणं घरभर झालं. दुसऱ्यातूनही तेच.

तिसऱ्यातून मात्र... टाळ. आणि मास्तरांचा आवाज. "विठ्ठल... विठ्ठल..."

मी भिंतीला डोकं टेकलं.

झोळीतलं बाळ दचकलं. खणखणीत रडलं!

दाजी धावत आला.

"माझी भिंत फोडती व्हय गं? थांब, तुला..."

शब्द तुटला. तोंड हलत राहिलं. आवाज नाही.

एकच मडकं उरलं होतं, पलंगाच्या उशाशी. दाजीनं तिकडं बोट केलं. फोड म्हणून हात जोडले.

अक्कानं खुरपं खाली ठेवलं.

"आधी मास्तरला आणा. मंग फोडते."

दाजी मुकाच मेला. अंगणातसुद्धा त्याला आवाज फुटला नाही.

कीर्तनात क्षमेचं निरूपण लागलं की माझे डोळे वाहतात. साऱ्या जगाला माफ करतो मी. त्याला न्हाई.

ते मडकं अजून लिंपलेलंच आहे. परवा एकादशीला राहवलं नाही, कान लावला. वाटलं, शिव्या ऐकू येतील.

आत दाजी... रडत रडत पाढे म्हणत होता.

मध्येच अडखळला.

"पुन्हा पहिल्यापासून," मास्तर म्हणाले.