हँडलवरचं घड्याळ

आमचं वेल्डिंगचं मशीन डिझेलवर चालतं. चाकांवरचं धूड आहे ते, एकाच पोटात इंजिन आणि जनरेटर. जिथे वीज नाही तिथे ते ओढत न्यायचं. आणि वीज नसलेल्या जागा सहसा हसऱ्या नसतात, एवढं मी तुम्हाला अनुभवाने सांगतो. वेल्डिंग दाजी करतात, म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मशीनचं दुखणंखुपणं मी बघतो, म्हणून दाजी मला डॉक्टर म्हणतात. माझं शिक्षण विचारू नका.

त्या दिवशीचं काम एका बंद पडलेल्या गिरणीत होतं. आवारात जमिनीखाली पाण्याची लांबलचक लोखंडी टाकी होती आणि नव्या मालकाला ती पुन्हा वापरायची होती. आत उतरायला तोंड एकच, माणूस जेमतेम मावेल एवढं. गळती नेमकी पार पलीकडच्या टोकाला.

निघताना ताई दारात आली. "बंद टाकीत उतरायचंय म्हणे यांना. लक्ष ठेव हं. धडधाकट घरी आण."

"तुझा नवरा काय शाळेत चाललाय?" मी म्हणालो. ती हसली नाही.

तिथे पोचल्यावर मी मशीन तयार केलं. सपाट जागा बघून चाकांना दगड लावले. इंजिन थंड होतं तेव्हाच तेलाची पट्टी ओढून पाहिली, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी बुरशी खरवडली. डिझेलच्या फिल्टरखालचा नळ सैल करून तळाशी साठलेलं पाणी सोडून दिलं. डिझेलबरोबर पाणी गेलं तर इंजिन आचके देतं, आणि त्या दिवशी आचके देऊन चालणार नव्हतं. टाकीत हवा ढकलणारा पंखा आणि आतला दिवा, दोन्ही याच मशीनच्या विजेवर होते. मशीन बंद म्हणजे आत मिट्ट अंधार, शिवाय वेल्डिंगचा कोंडलेला धूर. त्यात माणूस गुदमरायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आमचा एक नेम आहे. आत उतरण्याआधी दाजी मनगटातलं घड्याळ काढून मशीनच्या हँडलला अडकवतात. बाहेर आले की ते स्वतःच काढून घालतात. घड्याळ हँडलला आहे तोवर चावी फिरवायची नाही, खुद्द ताईने सांगितलं तरी नाही.

"डॉक्टर, पेशंट तुझ्या हवाली," असं म्हणत दाजींनी घड्याळ अडकवलं आणि शिडीवरून खाली गेले.

आतला माणूस बाहेरून दिसत नाही. पण इंजिन त्याची खबर देत असतं. त्याने वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवली की इंजिन दबतं, आवाज जड होतो. कांडी संपली की पुन्हा हलका होतो. दाजींची तर एक लकबच आहे. नवी कांडी पेटवण्याआधी ते ती लोखंडावर दोनदा हलकेच टेकवतात. मग इंजिनही दोनदा हुंकारतं आणि जड होतं. ते मी झोपेतही ओळखेन.

दुपारच होती, पण आभाळ खाली उतरलं होतं आणि आवारातला उजेड मळक्या फडक्यासारखा झाला होता. कुठे चिटपाखरू नव्हतं. मी डिझेलच्या रिकाम्या डब्यावर बसून ऐकत होतो. इंजिन जड चाललं होतं, म्हणजे दाजी कामात होते. मला बरं वाटत होतं.

"डॉक्टर."

मी वळून पाहिलं. मागे दाजी उभे होते.

चेहरा तोच, उसवलेली कॉलरही तीच. "अहो, वर कधी आलात? शिडी वाजलीसुद्धा नाही," मी म्हणालो.

ते नुसते इंजिनाकडे बघत राहिले. मग माझ्या ध्यानात आलं, आणि अंगावर सरसरून काटा आला. इंजिन अजूनही जड चाललं होतं. आत कोणीतरी वेल्डिंग करत होतं.

"दाजी... आत कोण आहे?"

"तेच म्हणतोय मी..." ते कुजबुजले. "मी तर इथे आहे. मग आत कोण आहे?"

टाकीच्या तोंडाशी पडलेली केबल हळूच हलली. कोणीतरी आतून ती थोडी ओढून घेतली.

"बंद कर, डॉक्टर. ते वर यायच्या आत... बंद कर."

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? माझा हात कधी चावीवर गेला ते मलाही कळलं नाही. चावीच्या शेजारी हँडल, आणि हँडलला घड्याळ.

"आधी घड्याळ घाला," मी म्हणालो. निव्वळ सवयीने तोंडातून गेलं.

त्यांचा हात पुढे आला. घड्याळापाशी येऊन थबकला आणि मागे गेला.

"तू काढून दे."

"नाही दाजी. तुमचं तुम्हीच घ्या."

"तू दे ना... तूच द्यायला हवंस..."

ते वाकून बोलले तेव्हा मला वास आला. वेल्डिंग करून आलेल्या माणसाच्या अंगाला जळक्या कांडीचा आणि घामाचा वास असतो. यांच्या अंगाला ओल्या गंजाचा वास होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या टाकीचा.

तेवढ्यात इंजिन हलकं झालं. आम्ही दोघंही ऐकत होतो. इंजिन दोनदा हुंकारलं. मग जड झालं.

आत दाजी होते! माझ्या ताईचा नवरा आत होता, आणि मी त्याचा श्वास तोडायला निघालो होतो. मी दोन्ही हातांनी चावी झाकून घेतली आणि डोळे घट्ट मिटले. वर बघायचा धीर झाला नाही. तो वास माझ्या कानापाशी आला.

"बरं..." आवाज दाजींचाच होता. "मग मी घरी जातो."

किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. टाकीच्या आतून हातोडीचे ठोके आले, शिडी करकरली आणि दाजी खोकत वर आले. तोंड काळं, शर्ट घामाने चिंब, आणि जळक्या कांडीचा झणझणीत वास. त्यांना मिठीच मारावीशी वाटली. त्यांनी हँडलवरचं घड्याळ काढलं.

"काय रे, तोंडावरचा रंग का उडालाय?"

"धूर लागला असेल," मी म्हणालो.

एवढा लोड घेतल्यावर इंजिन लगेच बंद करत नाहीत. थंड व्हायला ते थोडा वेळ मंद चालू ठेवावं लागतं. आम्ही तसे थांबलो होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताईचा होता.

"अरे, हे आले घरी," ती म्हणाली. "तू कुठे राहिलास? आल्यापासून नुसते बसून आहेत, धड बोलत नाहीत. अंगाला कसला गंजाचा वास येतोय. आणि घड्याळ तुझ्याकडे राहिलंय म्हणतात, ते घेऊन ये."

माझ्यासमोर दाजी घड्याळाचा पट्टा आवळत होते.

"ताई... बाहेर ये. चपला घालू नकोस, काही घेऊ नकोस. आत्ताच्या आत्ता शेजारी जाऊन बस."

"का रे? काय झालं?"

तिच्या मागून कोणीतरी बोललं. आवाज ओळखीचा होता.

"डॉक्टर आहे का?... विचार त्याला. बंद केलं का?"

ताईने आयुष्यात माझं ऐकलं ते त्या एकाच दिवशी. आम्ही पोचलो तेव्हा ती शेजारच्या पायरीवर अनवाणी बसली होती. दाजींना बघून ती आधी मागे सरकली. त्यांच्या मनगटातलं घड्याळ दिसलं तेव्हा कुठे रडायला लागली.

हल्ली ती दोघं आमच्याकडेच राहतात. दाजी झोपतानाही घड्याळ काढत नाहीत. लोक विचारतात, एवढं चांगलं घर, कुलूप लावून का ठेवलंय? कुलूप आम्ही लावलेलंच नाही. कडी आतून आहे.