सुई टेकवण्याआधी

पिनांगच्या त्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी दाबून बघायचं काम चालायचं. बाजारात बायका पपई दाबून बघतात ना, तसंच ते. फक्त इथलं बोट म्हणजे नखाएवढ्या पट्टीच्या टोकावरची, डोळ्यांना न दिसणारी सुई. ती पेशीवर टेकली की पडद्यावर रेष उमटायची. निरोगी पेशीची रेष चढ चढल्यासारखी वर जायची, कर्करोगाची आडवी पसरायची, कारण ती पेशी मऊ असते. मऊ असते म्हणूनच मेली चिंचोळ्या फटींतून निसटून अंगभर पसरते.

या कामात कक जलेहाचा हात धरणारं कुणी नव्हतं. कक म्हणजे ताई, पण तिच्याहून मोठी माणसंही तिला ककच म्हणत. "आपल्याला कुणी हात लावला हे पेशीला कळतासुद्धा कामा नये," ती म्हणायची, आणि खरोखर कळायचं नाही. सुई खाली सोडण्याआधी मात्र ती वाकून पुटपुटायची, "तुम्पांग, हां." म्हणजे, जरा येऊ द्या. तिच्या गावाकडे, केदाहला, मोठ्या झाडाखालून जाताना तिथं राहणाऱ्या अदृश्य आजोबांना असं विचारूनच पुढं जातात.

मुनयी तिची पट्टशिष्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही. ती हसायची. "कक, पेशी आहे ती. तिला कान नाहीत."

"कान नाहीत, पण घर तर तिचंच आहे ना? पोलिसांसारखं घुसायचं नाही, बाई. आणि उगाच कुणाला छळायचं नाही. शंका येईल तिथंच टेकवायची. तिथं मात्र तीनदा."

मग ककलाच कर्करोग झाला. मऊ पेशींना पुन्हा घट्ट करणारं औषध शोधण्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली होती. तिनं रीतसर सही करून आपल्याच गाठीच्या पेशी प्रयोगशाळेला दिल्या. "यांच्यावर बघ," ती मुनयीला म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होवो. मला उत्तर पाहिजे." उत्तर मिळायच्या आत ती गेली. गोठवलेल्या पेशींची एकच कुपी मागं उरली. ती वाया गेली असती, तर ककचा प्रश्नही तिच्याबरोबर मातीत गेला असता. मुनयीला रडायलाही सवड नव्हती.

तिनं त्या पेशी काचेच्या बशांत वाढवल्या. अर्ध्या औषधात ठेवल्या, अर्ध्या तशाच. आधी शिरस्त्याप्रमाणे सुई रिकाम्या काचेवर टेकवली. रेष सरळसोट वर गेली, कारण काच ती काचच. मग औषध न लावलेल्या पेशीवर टेकवली.

रेष सरळसोट वर गेली.

नेम चुकला असेल म्हणून तिनं दुसरी पेशी घेतली, मग तिसरी. सगळ्या दगड! यंत्र सांभाळणाऱ्या तवमणीनं सुई बदलून दिली, दुसऱ्या रुग्णाच्या पेशी दाबून पाहिल्या. त्या लोण्यासारख्या मऊ होत्या.

"यंत्र ठणठणीत आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "परवानगी घेतलीत का? कक तर त्याशिवाय हात लावायची नाही."

"तवमणी, तू तुझा चहा पी."

दुसऱ्या दिवशी आणखीच विचित्र झालं. सुई अजून टेकलीही नव्हती, आणि खालची पेशी नेमकी तेवढ्याच जागी आक्रसली. डॉक्टरांचा गार हात पुढं आला की लहान पोर पोट आत घेतं, तशी. मुनयीनं सुई वर घेतली, पेशी सैल झाली. खाली आणली, पुन्हा आक्रसली. तिनं डोळे चोळले. बशीच्या कडेच्या पेशी मरायला लागल्या होत्या, संध्याकाळपर्यंत काही उरणार नव्हतं. तवमणी जेवायला गेला होता. तरीही तिनं एकदा मागं वळून पाहिलं, आणि स्वतःवरच चिडत ती वाकली.

"तुम्पांग, हां, कक."

शेवटचा शब्द तिच्या तोंडून आपोआप निसटला होता.

पेशी सैल झाली. सुई टेकली. रेष अलगद आडवी पसरली, जशी पसरायला हवी तशी. मग दुसरी, तिसरी, सगळ्याच. प्रत्येकीला विचारून. शेवटी तिनं औषधातली बशी घेतली. तिथं रेष चढायला लागली. काचेसारखी नाही, निरोगी पेशीसारखी, चढ चढल्यासारखी. पुन:पुन्हा तेच.

औषध लागू पडलं होतं. ककचं खरं होतं!

"जिंकली गं बाई!" पडद्यावरची रेष बघून तवमणी दारातूनच ओरडला. मुनयी हसत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. काय बाई होती ती! मरतानासुद्धा बरोबर होती.

तवमणी कप विसळायला गेला. मुनयीनं यंत्र बंद केलं, सुई वर घेतली, आणि हनुवटीला हात लावून त्या रेषा बघत बसली.

कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "तुम्पांग, हां."

डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काहीतरी टेकलं. इतकं हलकं, की आवाज आला नसता तर कळलंही नसतं.

"तवमणी?"

लांब मोरीत नळ वाहत होता.

"तुम्पांग, हां."

पुन्हा तीच जागा.

तो हात तिच्या ओळखीचा होता. तो उगाच कुणाला छळायचा नाही. शंका येईल तिथंच टेकायचा.

आवाज तिसऱ्यांदा आला. या वेळी स्पर्श मात्र झाला नाही. कुणीतरी उत्तरासाठी थांबलं होतं.

मुनयीनं हळूच सदऱ्याचं वरचं बटण काढलं.