मोटारीची मागची गादी

पडवीत मोटार उभी होती आणि तिच्या मागच्या दारातून दोन पाय बाहेर आले होते.

कौशल्या सकाळी गोवऱ्या काढायला तिकडं आली होती. पाय पाहून तिनं टोपली हळूच खाली ठेवली आणि भिंतीशी टेकलेली बैल हाकायची तुतारी, टोकाला आर लावलेली काठी, उचलली. पाय पुरुषाचे होते, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. बाकीचं अंग मागच्या गादीखाली गेलेलं, आणि आतून काहीतरी चाचपल्यासारखा आवाज येत होता.

“कोण तुमी? बाहेर निघा.”

आवाज थांबला. “निघतो बाई. पण आधी ते तुतारी खाली ठेवा. तिची सावली दिसून राह्यली मले.”

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर धूळ होती आणि केसांत गादीत भरलेल्या घोड्याच्या केसांचा पुंजका अडकला होता. चोवीस-पंचवीसचा, सडपातळ, उन्हात रापलेला. ओठ गंभीर होते, डोळे मात्र हसत होते, आणि तेच तिला खटकलं. नाव कडूबा, तो म्हणाला. अकोल्याला मोटारीच्या गाद्या आणि घोड्यांची जिनं दुरुस्त करायच्या कारखान्यात काम शिकलो. कालच्या बाजारात मालकांनी बोलावलं, म्हणून आलो.

कौशल्यानं आत जाऊन वडिलांना विचारलं. महादेवरावांना आठवलं, हो, बोलावलं होतं खरं. घरात सांगायचं राहून गेलं. दसऱ्यानंतर देऊळगाव राजाहून पाहुणे तिला पाहायला येणार होते. त्यांना मोटारीतून आणायचं, तर गादी अशी फाटकी कशी चालेल?

म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. पण मालक उठायच्या आत गादीखाली डोकं घालणारा कारागीर तिनं कधी पाहिला नव्हता.

धाड गावात मोटार एकच, महादेवरावांची. पाच वर्षांपूर्वी ती सारखी रस्त्यावर असे. मग एका दिवशी कौशल्याच्या आईला छातीत कळ आली, तिला मागच्या गादीवर निजवून महादेवराव बुलढाण्याच्या दवाखान्याकडं निघाले, आणि परत आले ते तिला न घेता. त्यानंतर मोटार पडवीतच राहिली. उन्हाळ्यांनी तिचं चामडं तडकलं, पावसाळ्यांनी त्यावर बुरशी धरली. महिन्यातून एकदा महादेवराव तिला चालू करून पाहत, पण मागं कोणी बसत नसे.

त्याच दिवशी आईच्या गळ्यातली ठुशी नाहीशी झाली होती. वाटेत आईला श्वास घेववेना, म्हणून तानुबाईनं ती गळ्यातून काढली होती. तानुबाई दूरच्या नात्यातली विधवा. घरात राहून स्वयंपाक पाहायची, कौशल्या तिच्याच अंगाखांद्यावर खेळली होती. ठुशी मी वहिनीच्या पदराला बांधली, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. पदराची गाठ सुटलेली निघाली. महादेवराव दुःखात होते, ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या बहीण, रुखमाबाई; चोर हा शब्द त्यांनीच काढला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तानुबाई गाठोडं घेऊन पायीच निघून गेली.

तेव्हापासून कौशल्या कोणावर चटकन विश्वास ठेवत नसे. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत, आणि घरातलं पळीभर तेलसुद्धा तिच्या नजरेखालून जाई.

आता या मिस्त्रीला रोज काही ना काही हवं असायचं. पहिल्या दिवशी त्यानं रिठे मागितले. रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं पिळून तो चामडं पुसू लागला, एका वेळी वीतभरच. दुसऱ्या दिवशी एरंडेल. मग मेण, मग सरस, मग काजळ. फाटलेल्या जागी आतून कापडाचं ठिगळ सरसानं चिकटवायचं, भेगांत मेण आणि काजळ भरायचं, आणि वरून एरंडेल बोटांनी जिरवत बसायचं. सुकलेल्या चामड्याला घाई केली की ते आणखी फाटतं, तो सांगे. कौशल्या पडवीच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसे. डाळ निवडायचं निमित्त, लक्ष त्याच्या हातांकडं.

“डाळीतला खडा तुमी डाळीत न पाहता काढता,” तो एकदा मान वर न करता म्हणाला. “मोठी कला आहे.”

तिनं सूप उचललं आणि उगाच जोरात पाखडलं.

हात मात्र चांगले होते, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. दुखऱ्या जनावराला चोळावं तसे ते चामड्यावरून फिरत. रुखमाबाई त्याला जेवण पडवीतच देत, पत्रावळीवर, आणि पाणी वरून ओतत. आपल्यातला पोरगा आणि चामड्यात हात घालतो, म्हणून. तो ओंजळ पुढं करून मुकाट्यानं पाणी पिई. ते पाहताना कौशल्याला कसंसंच होई, आणि कसंसंच होतं म्हणून ती स्वतःवरच चिडे.

कारण संशयाला जागा होती. कोठीचं दार जमिनीला घासतं. ते थोडं वर उचलल्याशिवाय उघडत नाही. ही गोष्ट घरच्याच माणसांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी एरंडेल घ्यायला आला तेव्हा मिस्त्रीनं ते दार पहिल्याच झटक्यात उचलून उघडलं. तिनं विचारलं तर म्हणाला, दाराच्या आवाजावरून समजलं. आवाज तर उघडल्यावर आला होता.

तिसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, गादीची न फाटलेली शिवणही त्यानं उसवली होती आणि आत हात घालून तो कितीतरी वेळ डोळे मिटून बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं हात बाहेर काढला. हात रिकामा होता. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं,

“या गादीवर शेवटी कोण बसलं होतं, बाई?”

“तुमाले कायले पाह्यजे?”

“चामडं कोणत्या बाजूनं दबलं ते समजते.”

“माझी आई,” ती म्हणाली.

“एकलीच?”

तिनं एरंडेलाची रिकामी वाटी उचलली. त्यानं पुन्हा विचारलं नाही, पण तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या नजरेत हसू नव्हतं.

रुखमाबाईंचं मत पक्कं होतं: हद्दीपलीकडून, निजामाच्या मोगलाईतून आलेला कोणी भामटा असन, घराचा ठाव घेऊन राह्यला. कौशल्यानं ठरवलं, पारखूनच घ्यायचं. चौथ्या दिवशी दुपारी तो विहिरीवर हात धुवायला गेला, तेव्हा तिनं कानातलं चांदीचं फूल काढून गादीच्या फटीत सरकवलं.

संध्याकाळी एरंडेलाची रिकामी वाटी परत आली. तिच्यात पळसाचं पान होतं, आणि पानावर पुसून लखलखीत केलेलं चांदीचं फूल.

“पारखायचंच असन तर सोनं ठेवा,” तो म्हणाला. “आणि... कानातलंच काऊन ठेवलं? दुसरं काही ठेवलं असतं. रिकामा कान बरा नाही दिसत.”

कौशल्याचा तो रिकामा कान तापला. ती वळली, आणि कोठीचं दार उचलायला विसरून दोनदा ढकलत राहिली.

त्या दिवसापासून ती उंबऱ्यावर डाळ न घेताच बसू लागली. भादव्यातली भुरभुर थांबून ऊन स्वच्छ पडलं होतं. पडवीत मेणाचा, एरंडेलाचा वास दरवळे. तो काम करता करता अकोल्याच्या गोष्टी सांगे, आणि ती ऐकत नाही असं दाखवून ऐके. पण तो मध्येच थांबायचा. ‘एकलीच?’ हा प्रश्न विचारल्यासारखा बघायचा. हा कोण आहे? याला काय ठाऊक आहे?

सहाव्या दिवशी गादी पुरी झाली, एका कोपऱ्याची शिवण सोडून. काळंभोर चामडं नव्यासारखं झळाळत होतं. कडूबानं महादेवरावांना बोलावलं, रुखमाबाईंनाही बोलावलं. मग कौशल्याला म्हणाला, “बाई, या फटीत हात घाला. माझा हात नोको. तुमचाच पाह्यजे.”

“काय आहे तिथं?”

“तुमीच पाहा.”

तिनं हात घातला. स्प्रिंगांच्या मध्ये, घोड्याच्या केसांच्या गुंत्यात बोटांना काही खडबडीत लागलं. ओढून निघेना. महादेवरावांनी वाकून कंदील धरला, आणि सगळ्यांना दिसलं: ठुशी. तिचा दोरा गंजलेल्या स्प्रिंगला घट्ट चिकटला होता, मण्यांभोवती केस आणि पाच वर्षांची धूळ गच्च बसली होती. काल-परवा कोणी ठेवलेली वस्तू अशी दिसत नाही. रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. महादेवराव मोटारीच्या पायरीवर खाली बसले.

“तानुबाई माझी मावशी,” कडूबा म्हणाला. “रोहिणखेडले आमच्या घरी राह्यते. पाच वर्षं झाली, तिनं एकाही लग्नात पाय नाही ठेवला. लोक पाहतात म्हनते.”

कौशल्याला एकदम सगळं उलगडलं, कोठीचं ते घासणारं दारसुद्धा. मावशीनं त्याला या घराचा कोपरा न् कोपरा सांगितला होता. राग आला तिला.

“तुमी खोटं सांगून घरात शिरले.”

“खोटं नाही सांगितलं. पुरं नाही सांगितलं.” तो शांतपणे म्हणाला. “तिसऱ्याच दिवशी सापडली होती. तवाच काढली असती तर चोराच्या भाच्यानं आणून ठेवली, असं झालं असतं. म्हणून हात लावला नाही. आणि... कोणी दुसरंही पुरं सांगते का, त्याची वाट पाहत होतो.”

कौशल्याला कळलं की हे आपल्यासाठी आहे. ती वडिलांपुढं जाऊन उभी राहिली.

“बाबा, म्या पाह्यलं होतं. मी तुमच्यापाशी पुढं बसली होती. मागं वळून पाह्यलं तवा तानुबाई आईच्या पदराले गाठ मारून राह्यली होती. मले ठाऊक होतं. आत्या बोलली तवा मले भेव लागलं... मी बोललीच नाही.”

महादेवरावांनी मुलीकडं पाहिलं. तिला वाटलं, आता रागावतील. ते एवढंच म्हणाले, “तू तेरा वर्सांची होती. मी तर मोठा होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघाली. पुढं महादेवराव आणि कडूबा, मागं कौशल्या एकटी. मोटारीत पाणी घालायला बुलढाण्याला थांबले, तेव्हा कौशल्या वडिलांशी बाजूला काही बोलली; मग मोटार घाट उतरू लागली. कडूबानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. समोरच्या काचेत मात्र त्याचे डोळे दोनदा तिला सापडले, आणि दोन्ही वेळा आधी तिनंच नजर खाली घेतली.

रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या अंगानं गाडीवाट शेतात जात होती. तानुबाई मिरच्या तोडत होती. केस पार पांढरे झाले होते. महादेवराव बांधावर चपला काढून तिच्यापुढं उभे राहिले, हात जोडले, आणि मजुरी करणाऱ्या चार बायांच्या देखत सांगितलं की ठुशी गादीतच होती, चूक माझी झाली. कौशल्यानं तर वाकून पायच धरले. तिला बोलायचं होतं, पण तानुबाईनंच तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताला मिरचीचा झणका होता.

“मले ठाऊक होतं तू पाह्यलं ते,” ती म्हणाली. “म्हणून तर पहाटेच निघाली. थांबली असती तर तुले आत्यापुढं उभं केलं असतं. मेलेल्या मायच्या दिवसात पोरीले कायले छळू?”

मग तिनं कौशल्याला पोटाशी धरलं आणि दोघी खूप वेळ रडल्या.

महादेवरावांनी तिला घरी चला म्हटलं. मान देईन, लुगडं-चोळी देईन, म्हणाल ते प्रायश्चित्त घेईन. तानुबाई नाही म्हणाली. बहिणीचं घर आता माझं घर. फारच वाटत असेल तर एक करा. पोरीचं लग्न तिला विचारून लावा. मला दुसरं काही नको.

महादेवरावांनी मुलीकडं पाहिलं. मुलगी विहिरीकडं पाहत होती. तिथं कडूबा मोटेच्या पाटात हात खसखसून धुवत होता. महादेवराव खाकरले, तानुबाईला म्हणाले, चला, बहिणीला भेटू द्या, चहा घेऊ. जाताना त्यांनी कौशल्याला हाक मारली नाही.

ती पाटाकाठी गेली. पाणी खळखळत वांग्यांच्या वाफ्यांकडं जात होतं.

“देऊळगावचे पाहुणे कवा येतात?” त्यानं विचारलं. पाण्याकडं बघूनच.

“येत नाहीत. बाबा आज चिठ्ठी पाठवतात. वाटेत बुलढाण्याले थांबलो, तवाच म्या सांगितलं त्याइले.”

“काऊन?”

ती त्याच्या हातांकडं पाहत राहिली. त्यानं हात वर धरले. काजळ नखांच्या कडांत बसलं होतं, धुवून जाणारं नव्हतं. “कौशल्याबाई, मले तीन भाऊ आणि नऊ एकर जमीन. आणि हे हात. हे काम मी सोडणार नाही. तुमच्या आत्याबाई वरून पाणी ओततात, उद्या सारं धाड ओतन. आणि... दुसरंही एक सांगतो. मी आलो तवा तुमच्यावर लय राग होता. ज्या पोरीनं पाह्यलं आणि बोलली नाही, ते कशी असन ते पाहाले आलो होतो.”

“मग? कशी आहे?”

“चांदीचं फूल ठेवून चोर धरते,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच डोळ्यांबरोबर ओठही हसले. “तवापासून राग धराचा म्हटलं तर धरता येत नाही.”

कौशल्या पाटात उतरली. लुगड्याचा काठ भिजला, तिनं भिजू दिला. दोन्ही हातांची ओंजळ भरून तिनं पाणी घेतलं आणि वरून नाही, त्याच्या हातांना हात टेकवून, त्याच्या ओंजळीत ओतलं. त्याच ओंजळीतलं घोटभर मग स्वतः प्यायली.

तो बघतच राहिला.

“घरी सारे मिस्त्री म्हणतात,” ती म्हणाली. “म्या अजून तुमचं नाव नाही घेतलं. पुढं तर मले घेताच येणार नाही... आज एकदा घेऊ द्या.”

“घ्या,” तो म्हणाला.

वरच्या बांधावरून तानुबाई चहाला बोलावत होती. कौशल्यानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, या वेळी नजर खाली न घेता.

“कडूबा,” ती म्हणाली.

“हाव,” तो म्हणाला.