सोळा इंचांचा गळा

राजाच्या गळ्याला कोणाचाही हात लागू नये, असा त्या घराण्याचा दंडक होता. राजशिंप्याला वर्षातून एकदाच मापाची फीत लावण्याची मुभा असे. त्या मापाचा एक कापडी पुतळा कापूस भरून तो सिद्ध करी, आणि वर्षभर सारी वस्त्रे त्या पुतळ्यावरच बेतली जात.

महाराजांना जाऊन आठ दिवस झाले होते. दुधातून विषप्रयोग झाला, असे रेसिडेंट साहेबांच्या डॉक्टरने लिहून दिले होते. दूध नेणारा सेवक हा राजशिंप्याचाच जावई. त्याला सोमवारी फाशी होती. दयेचा अधिकार साहेबांनी मृताच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे होणाऱ्या महाराजांकडे, ठेवला होता.

राज्यारोहणासाठी थोरल्यांचेच राजवस्त्र धाकट्यांच्या मापाचे करायचे होते. शिंप्याने ते आधी थोरल्यांच्या पुतळ्यावर चढवले, तर गळा सैल. फीत लावली; सोळाच्या जागी पंधरा इंच भरले. त्याने शिवण उसवून मूठभर कापूस भरला. दुसऱ्या सकाळी साडेचौदा.

"बाबा, कापूस बसला असेल," त्याची मुलगी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

"कापूस सगळीकडून बसतो, पोरी. असा बोटाबोटाने नाही बसत."

पुतळ्याच्या गळ्यावर समोर अंगठ्यांचे दोन खळगे होते. मागे बोटांचे चार एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. समारंभाच्या हातमोज्यांसाठी धाकट्यांच्या पंजांची कागदावर काढलेली आकृती त्याच्यापाशी होती. ती त्याने खळग्यांवर धरली; तंतोतंत जुळली. धाकट्यांची उजवी करंगळी लहानपणापासून आखडलेली होती.

तो साहेबांकडे गेला. साहेब मनमुराद हसले. "शिंपीबुवा, कोर्टात कापसाची साक्ष काढू का?"

शनिवारी धाकटे महाराज दुसऱ्यांदा वस्त्र अंगावर घालून पाहायला उभे राहिले. राज्यारोहण व्हायचे होते, तोवर त्यांना फीत चालत होती.

"गळा ढगळ केलास, म्हाताऱ्या. काल तर चपखल होता."

शिंप्याने माप घेतले. कालच्यापेक्षा अर्धा इंच कमी. घरी येऊन पुतळा मोजला, तर अर्धा इंच जास्त.

रविवारी पुन्हा तसेच. आता धाकट्यांचा आवाज घोगरा येत होता.

"हे थांबेल ना रे?"

"सरकार, मी फक्त माप घेतो." शिंप्याने फीत गुंडाळली. "उद्या माझा जावई फासावर जाणार आहे."

मग धाकट्यांनी दौत मागवली.

सोमवारी जावई घरी आला. मुलीने दारातच त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. शिंपी आत जाऊन पुतळ्यापाशी उभा राहिला. गळा भरदार झाला होता, खळगे नव्हते. बरोबर सोळा इंच. त्याने पुतळ्याला हात जोडले.

दुपारी वाड्यावरून सेविका राजवस्त्र घेऊन आली.

"सरकारांनी सांगितलंय, गळा अजून एक बोट आत घ्या."