कानसेन म्हणतो, सगळे माठ फुटके!

“तडा आहे,” कानसेन म्हणाला.

मैथिलीने दुसरा माठ पुढे ओढला आणि बोटाच्या पेराने ठोकला.

“तडा आहे.”

तिसराही तसाच. भट्टीतून निघालेला एकही माठ चांगला नसेल, असं कसं होईल? तिने एका माठात पाणी भरून ठेवलं होतं. तो सगळीकडून सारखा पाझरत होता. तडा असता, तर एका रेषेत ओल दिसली असती. म्हणजे माठ चांगला होता आणि कानसेन चुकत होता.

वैनगंगेच्या काठच्या त्या कुंभारगल्लीत माठ ठोकूनच पारखत. चांगला माठ खणखणतो, फुटका भद्द वाजतो. पण केसासारखा बारीक तडा फक्त मैथिलीच्या आजीला ऐकू यायचा. मैथिलीचे आजोबा, म्हणजे आबाजी, आयुष्यभर ध्वनियंत्रं बनवत आले होते. आजीची पारख शिकून घ्यावी म्हणून त्यांनी कानसेन तयार केला. एक पेटी, एक माइक आणि आत कृत्रिम बुद्धिमत्ता (उदाहरणांवरून स्वतः नियम शोधणारी संगणकप्रणाली). आजी थंडीत वारली. तिची पारख आता या पेटीतच उरली होती, आणि पेटी पहिल्यांदाच कामाला लावली होती.

कुंभार सोसायटीचे गुणवंतकाका दारातूनच ओरडले, “काय म्हणते बापा तुमची पेटी? अजून रुसलीच आहे काय?”

आबाजींनी पेटीवरची धूळ पुसली.

“पाणपोयांचे माठ न्यायला संध्याकाळी ट्रक येते. सोसायटीनं ठरवलं, आबाजी. पेटीची मेमरी पुसून टाकू अन् शहरातला तयार प्रोग्राम घालू.”

“पुसायची नाही!” मैथिली उभी राहिली. “संध्याकाळपर्यंत थांबा.”

“थांबतो ना. तोवर शाळेत घाल तिला.”

“तेच करणार आहे.”

काका हसत गेले. मैथिली आबाजींसमोर येऊन बसली. “तुम्ही याला शिकवलं कसं, ते पहिल्यापासून सांगा.”

“तडा म्हणजे काय, ते त्याला सांगितलंच नाही,” आबाजी म्हणाले. “चांगल्या माठांचे आवाज एका ढिगात दिले, फुटक्यांचे दुसऱ्या ढिगात. याला प्रशिक्षण (उदाहरणं देऊन यंत्राला शिकवणं) म्हणतात. दवाखान्यात खोकला ऐकणारं यंत्र, तुझ्या मोबाइलमधला अनुवादक, सगळे उदाहरणांवरूनच शिकतात.”

“म्हणजे तो दोन ढिगांतला फरक शोधतो?”

“हो. आणि सगळ्यात सोपा सापडेल तो फरक धरून बसतो. आपल्याला हवा तोच असेल, याचा नेम नाही.”

मैथिलीने जुने आवाज लावले. चांगला माठ. फुटका माठ. पुन्हा चांगला. ती पेटीला कान लावून बसली आणि एकदम सरळ झाली.

“आबाजी, चांगल्या माठांत मागे काहीतरी किणकिणतंय. फुटक्यांत नाही.”

“मला नाही ऐकू येत. वयानं बारीक, उंच आवाज आधी जातात.”

“बांगड्या आहेत! आजीच्या! फुटके माठ कोणी ठोकले होते?”

आबाजींनी पेटी जवळ ओढली. “मी. ती फुटके बाजूला काढायची. तिचा हात दुखू नये म्हणून ते पुन्हा ठोकून मी आवाज भरले.”

मैथिलीने आईच्या काचेच्या बांगड्या हातात चढवल्या आणि अंगणातला उघड उघड चिरलेला माठ ठोकला. तो भद्द वाजला.

“माठ छान आहे,” कानसेन म्हणाला.

दोघंही हसले. आबाजी कित्येक महिन्यांनंतर हसले होते.

“तो खोटं बोलत नव्हता,” मैथिली म्हणाली. “त्याने माठ ऐकलाच नव्हता. आता जुन्या आवाजांतून बांगड्या काढू. मग त्याला माठच ऐकावा लागेल.”

आबाजींचा हात बटणावर थांबला. “कसा आहे गं तो आवाज?”

“आजी ताट पुढे सरकवायची ना, तसा.”

त्यांनी डोळे पुसले. “मूळ आवाज वेगळे ठेव. शिकवायच्या प्रतीतून बांगड्या काढ. पारख तिची आहे, ती राहिली पाहिजे.”

दुपारभर दोघं खपले. उंच आवाज गाळले. मैथिलीने बांगड्या घालून फुटके माठ ठोकले, काढून चांगले ठोकले, आणि ती उदाहरणंही दिली. शेवटी आबाजींनी एक सवय घातली: खात्री नसेल तर तसं सांगायचं.

काका ट्रकबरोबरच आले. “झाली शाळा?”

“परीक्षा तुम्ही घ्या. त्याने कधीच न ऐकलेले माठ ठोका.”

काकांनी अंगठीच्या बोटाने ठोकला. “माठ छान आहे.” दुसरा. “माठ छान आहे.” तिसरा. “तडा आहे.” काकांनी तो उजेडात धरला. बुडाशी केसासारखी रेघ होती.

काकांनी मान हलवली. “वहिनीच बोलली जणू.” त्यांनी चौथा ठोकला.

“खात्री नाही. पाणी भरून बघा.”

“हे बाकी शहाण्यासारखं बोलला!” काका म्हणाले. “राहू दे त्याची मेमरी. पलीकडच्या गावची माती वेगळी आहे. तिथले माठ ओळखेल काय?”

“आत्ता नाही,” मैथिली म्हणाली. “उद्या तिथं जाऊन शिकवू. या वेळी सगळ्यांनी ठोकायचं. पोरांनी, म्हाताऱ्यांनी, डावखुऱ्यांनीसुद्धा.”

आबाजींनी चौथा माठ उचलला आणि पाणी भरायला नळाकडे नेला.